मिश्र पार्ट्सच्या जीपचं पासिंग: आधी आरसी, मग वेल्डिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळच्या एका गावातून १९८९ च्या महिंद्रा एमएम ५४० ची चेसिस आणि तिचं आरसी बुक मिळालं आहे. इंजिन भंगारात निघालेल्या बोलेरोचं, डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन डिझेल. गिअरबॉक्स आणि दोन्ही ॲक्सल कुर्ल्याच्या बाजारातून आणलेले, कोणत्या गाडीचे ते माहीत नाही. बॉडी हरियाणातल्या मंडी डबवालीहून नवी बनवून मागवायची आहे. आरसीवरचा मालक वारला आहे आणि बँकेचा बोजा अजून तसाच आहे. सगळं जोडून झाल्यावर ही जीप आरटीओत नवीन गाडी म्हणून नोंदवता येईल का? ब्रिटनमधला मामेभाऊ म्हणतो की तिकडे अशा गाडीला नंबर मिळतो.

नवीन गाडी म्हणून नोंद होणार नाही. त्याच १९८९ च्या एमएम ५४० ची नीट दुरुस्ती केली, अशा रीतीने होईल. मात्र सध्या जे इंजिन घेऊन ठेवलंय त्याच्यासकट होणं अवघड आहे. जुन्या जीपा उभ्या करणं आणि त्यांचे कागद सरळ करणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा खोलात सांगतो.

नवीन नोंदणी का नाही, ते आधी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ४७ प्रमाणे फॉर्म २० च्या अर्जाला विक्रीचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१ आणि गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २२ जोडावं लागतं. फॉर्म २२ गाडी बनवणारी कंपनी देते. आणि कंपनीला तरी ते कधी देता येतं? त्या मॉडेलचा नमुना नियम १२६ खाली तपासून पास झाला असेल तरच. ही तपासणी पुण्यातली एआरएआय, भोसरीची सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट अशा संस्था करतात. 'मी अंगणात स्वतः बांधली' असा कुठला फॉर्मच आपल्या नियमांत नाही. ज्याला आपली गाडी नव्याने नोंदवायची आहे त्याला कायद्याच्या नजरेत कारखानदार व्हावं लागतं, आणि एका गाडीसाठी तो खर्च कुणालाच झेपत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार आठवत असतील. दुचाकीचे आणि इतर जुने पार्ट्स जुळवून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप त्यांनी घरी बनवली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी त्यांच्या कल्पकतेचं मनापासून कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल, हेही त्याच वेळी सांगितलं. तिच्या बदल्यात त्यांनी लोहारांना नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिली. इतक्या मोठ्या कौतुकानंतरही त्या जीपला नंबर मिळाला नाही, ती कंपनीच्या संग्रहात गेली. उत्तरेकडच्या 'जुगाड' गाड्यांबद्दल तर सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच स्पष्ट केलं आहे की जुगाड हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे नोंदणी, विमा वगैरे सगळ्या अटी त्यालाही लागू होतात.

तुमचा मामेभाऊ त्याच्या देशापुरतं बरोबर बोलतोय. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं गुणांची पद्धत चालत आली. मूळ चेसिसला ५ गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी २ आणि इंजिनला फक्त १. मूळ चेसिस धरून आठ गुण भरले की जुना नंबर राहायचा. नाहीतर त्या एका गाडीची स्वतंत्र तपासणी होते आणि क्यू अक्षराचा नंबर मिळू शकतो. आपल्याकडे अशी एकेका गाडीची तपासणी करून नंबर देण्याची सोय घरगुती बांधणीला नाही. ती असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा सांगली-मिरजेत हात असलेली माणसं कमी नाहीत, आणि तपासणी करणाऱ्या नामांकित संस्था तर आपल्याच राज्यात आहेत. पण आज सोय नाही, तेव्हा आज काय करायचं ते बघू.

आज तुमच्याकडे सगळ्यात मोलाची वस्तू आहे ते आरसी बुक आणि त्याच्याशी जुळणारा चेसिसवरचा नंबर. जुळतो का, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. ते आधी बघा. एमएम ५४० च्या वेळच्या जीपांत नंबर चेसिसच्या लांब दांड्यावर, पुढच्या चाकाच्या आसपास ठोकलेला असतो. त्यावर चिखल, ग्रीस आणि रंगाचे थर बसलेले असतात. तिथं ग्राइंडर अजिबात लावू नका. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवा, सकाळी पितळी ब्रशने हलकं घासा, रंग निघत नसेल तर पेंट रिमूव्हर लावा. अक्षरं दिसू लागली की पातळ कागद ठेवून त्यावर आडवी पेन्सिल फिरवा. हाच ठसा पुढे फॉर्मवर लागणार आहे. ठशात बघायचं ते हे: सगळे आकडे एकाच वळणाचे आहेत का, खोली सारखी आहे का, ओळ सरळ आहे का. आजूबाजूचा पत्रा मधेच गुळगुळीत किंवा पातळ लागतोय का, नंबरच्या दोन्ही बाजूंना वेल्डिंगची आडवी रेघ आहे का, तेही बोट फिरवून बघा. मोटार वाहन निरीक्षक नेमकं हेच बघतो.

गंजाने दोनचार आकडे खाल्ले असतील तर स्वतः पंच घेऊन ते परत ठोकायला जाऊ नका, हेतू कितीही चांगला असला तरी. अर्ज करायचा, निरीक्षकाला आहे त्या अवस्थेत नंबर दाखवायचा, लेखी परवानगी मिळाली की मगच पंचिंग आणि त्याची आरसीवर नोंद. परवानगीशिवाय ठोकलेला नंबर आणि चोराने ठोकलेला नंबर यांत बघणाऱ्याला फरक दिसत नाही.

आता इंजिन. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या तपशिलांपेक्षा आरसीवरचे तपशील वेगळे पडतील असा बदल मालकाने करायचा नाही. आरसीत काय काय असतं ते काढून बघा: चेसिस नंबर, इंजिन नंबर, सिलिंडर, सीसी, इंधन, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), बॉडीचा प्रकार, आसनं, गाडीचं रिकामं वजन, रंग. एमएम ५४० मध्ये मूळ प्यूजोचं एक्सडीपी इंजिन, २११२ सीसी. तुमच्याकडचं डीआय २५२३ सीसी. दोन्ही डिझेल, दोन्ही महिंद्राच्या गाड्यांतली, जीपमध्ये बसतं पण झकास. घाटात ओढतं, पार्ट्स कुठल्याही तालुक्याला मिळतात. हे सगळं खरं असलं तरी तो प्रकार वेगळा आहे. जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात सुप्रीम कोर्टाने कलम ५२ चा अर्थ कडक लावला: कंपनीने ठरवलेले आणि आरसीवर चढलेले तपशील बदलता येणार नाहीत. त्याआधी काही ठिकाणी असे इंजिनबदल आरसीवर चढले आहेत आणि तशा जीपा रस्त्यावर दिसतात, म्हणून लोकांना वाटतं आपलीही चढेल. त्या भरवशावर माउंटिंग कापून वेल्ड करू नका. करायचंच असेल तर आधी लेखी अर्ज द्या, लेखी उत्तर घ्या. तोंडी 'आणा, बघू' याला काही अर्थ नसतो.

त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन घातलं तर मार्ग सोपा आहे. आधी मंजुरी घ्यायची, इंजिन बदलायचं, १४ दिवसांच्या आत कळवून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. म्हणून माझा सल्ला असा की डीआय विकून टाका आणि एक्सडीपी शोधा.

त्याहूनही आधी एक काम करा. ज्या घरून चेसिस घेतली तिथं परत जा आणि मूळ इंजिन कुठं गेलं ते विचारा. इंजिनचा नंबर ब्लॉकवर असतो. हेड, क्रँक, पिस्टन, पंप सगळं बदललं तरी ब्लॉक तोच असेल तर कायद्याने इंजिन तेच. गावाकडे असा ब्लॉक कधी गोठ्याच्या कोपऱ्यात, कधी मिस्त्रीच्या शेडमागे पडून असतो. तो सापडला आणि तडा गेलेला नसला तर बोअर करून, स्लीव्ह घालून परत उभा करता येतो. मग आरसीवर इंजिनबदल करायचाच नाही! एका दुपारच्या चौकशीत पुढची सगळी धावपळ वाचू शकते.

दुसऱ्या गाडीचं इंजिन घ्यावंच लागलं तर विकणाऱ्याकडून इंजिन नंबर घातलेलं बिल घ्या. ते ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत आणि ती गाडी मोडीत गेल्याचा, तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते, कलम ५५. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) पोर्टलवर इंजिन आणि चेसिस नंबर टाकून चोरीची नोंद आहे का तेही तपासता येतं. तो निकाल छापून फाइलला लावा. विकणारा म्हणाला, 'कागद कशाला, इंजिन ऐका कसं वाजतंय', तर उठून या.

गिअरबॉक्स आणि ॲक्सलचे नंबर आरसीवर नसतात, त्यामुळे कुर्ल्याच्या मालाची आरटीओला अडचण नाही. पण बिलं तिथंही हवीत. आणि एक गोष्ट कागदाची नाही, जिवाची आहे. दोन्ही ॲक्सल वेगवेगळ्या गाड्यांचे आहेत का हे तुम्हालाच ठाऊक नाही. ॲक्सलच्या मधल्या गोळ्याचं, म्हणजे डिफरन्शियलचं झाकण उघडा आणि पुढच्या-मागच्या क्राउन-पिनियनचे दात मोजा. गुणोत्तर एकच असलं पाहिजे. नसेल तर फोर व्हील टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतात, दोन्हीकडे ताकद वाटणारी ट्रान्सफर केस तापते, आणि कोरड्या डांबरावर वळताना स्टिअरिंग हातात राहत नाही. ब्रेकचे ड्रम आणि व्हील सिलिंडरही दोन्ही बाजूंना एकाच मापाचे घ्या. जुन्या भागांतून जुळवलेल्या जीपा ब्रेक मारला की एका बाजूला खेचतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

डबवालीहून नुसती बॉडी मागवायला हरकत नाही. बिल घ्या, आणि बॉडीचा प्रकार व आसनं आरसीप्रमाणेच ठेवा. रंग वेगळा दिलात तर तोही आरसीवर चढवून घ्यायचा. चेसिस कापून आखूड किंवा लांब करायची नाही; व्हीलबेस बदलला की सगळंच गेलं. मात्र तिकडून 'पेपरसकट तयार जीप' अशी जाहिरात दिसली तर लांब राहा. त्यात जीप एक आणि कागद दुसऱ्याच जीपचे, असे प्रकार भरपूर होतात. इथलेही काही एजंट तुम्हाला हेच सुचवतील: 'चांगल्या आरसीचा नंबर ठोकून देतो, आठवड्यात काम.' २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेलं कलम १९२ब वाचा. खोट्या कागदांवर नोंदणी मिळवली, किंवा गाडीवर ठोकलेला चेसिस वा इंजिन नंबर आरसीपेक्षा वेगळा निघाला, तर मालकाला किमान सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद आणि वर्षाच्या कराच्या दहापट किंवा आजीवन कराच्या दोनतृतीयांश, यांत जे जास्त असेल तेवढा दंड. शिक्षा मालकाला आहे, एजंट त्या कलमात कुठंच नाही. विनापरवानगी बदलासाठी कलम १८२अ वेगळं: प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा हेच नंबर जुळवतो. अपघातात समोरचा माणूस गेला आणि भरपाई तुमच्या शेतीवर आली, हे मला कुणाच्याही बाबतीत बघायचं नाही.

आता कागदांचा क्रम. १९८९ च्या गाडीची नोंद बहुधा हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये असणार. ज्या ऑफिसला गाडी नोंदलेली आहे तिथं जाऊन ती 'वाहन' या सरकारी संगणक प्रणालीत चढवून घ्या, याला बॅकलॉग एन्ट्री म्हणतात. ती झाल्याशिवाय ऑनलाइन एकही अर्ज पुढे सरकत नाही. याच वेळी रजिस्टरमधला चेसिस नंबर आणि तुमचा पेन्सिलचा ठसा ताडून बघा. आरसी बुकात लिहिताना कारकुनाकडून एखादा आकडा इकडचा तिकडे झालेला असतो. मूळ रजिस्टर हाताशी असतानाच ते दुरुस्त होतं.

मग बोजा. बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. बँक विलीन झाली असेल तर ज्या बँकेत गेली तिच्याकडे जायचं. देना बँकेचं कर्ज असेल तर २०१९ पासून ते बँक ऑफ बडोदाकडे. सहकारी बँक बंद पडली असेल तर अवसायकाकडे, म्हणजे ती गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, कागद तेवढा काढायचा राहिलेला असतो. त्यानंतर मालकी: मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि फॉर्म ३१ ने गाडी आधी वारसाच्या नावावर, मग फॉर्म २९ आणि ३० ने तुमच्या. वारसांपैकी कुणी मुंबईला, कुणी सुरतेला असतं, तेव्हा सह्या गोळा करायचं काम आजच सुरू करा. गाडी चकचकीत उभी राहिली की वारसांना तिची किंमत जास्त वाटायला लागते, हा माणसाचा स्वभाव आहे.

शेवटी नूतनीकरण, फॉर्म २५. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांची. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वाढवलेल्या दराने २० वर्षांवरच्या हलक्या चारचाकीच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये आहे. उशिराबद्दल चारचाकीला महिन्याला ५०० रुपये, शिवाय राज्याचा पर्यावरण कर आणि मागचा काही कर थकलेला असेल तर तो. हा सगळा आकडा ऑफिसमधून आधी काढून घ्या, कारण कधी कधी तो जीपच्या किमतीजवळ जातो, आणि हे इंजिनवर पैसे घालण्याआधी कळलेलं बरं.

तपासणीला जीप चालवत नेऊ नका. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणली तर वाटेतच विनानोंदणी गाडी चालवल्याचं कलम १९२ लागतं. क्रेनवर किंवा टेम्पोत घालून न्या. चेसिस आणि ब्लॉकवरचे नंबर स्वच्छ, वाचता येतील असे, त्यांवर नुसतं तेलाचं बोट. हॉर्न, वायपर, इंडिकेटर, हँडब्रेक, रिफ्लेक्टर चालू. पीयूसी, विमा आणि बिलांची फाइल तारखेच्या क्रमाने. फोटोही ठेवा: चेसिस घरी आली त्या दिवसापासून प्रत्येक टप्प्याचे, नंबर दिसतील असे. निरीक्षक बहुतेक वेळा वाईट नसतो, त्याला सही करायला आधार हवा असतो आणि तो आधार तुम्ही द्यायचा असतो.

इतर मार्गांबद्दल लोक विचारतात म्हणून थोडक्यात. लष्कराच्या लिलावातली जोंगा (जीपसारखी लष्करी गाडी) किंवा जीप घेतली तर लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेला मूळ फॉर्म २१ नोंदणीला चालतो. या मार्गाने जुन्या गाडीची मुलकी नोंदणी पहिल्यांदा होऊ शकते. पण तो कागद मूळ हवा आणि लिलावापासून तुमच्यापर्यंतची साखळी अखंड हवी. २०२१ च्या व्हिंटेज नियमांचा तुम्हाला उपयोग नाही: गाडी ५० वर्षांवरची लागते, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठी फेरफार झालेली चालत नाही. इलेक्ट्रिक करायची असेल तर मान्यताप्राप्त किट त्याच मॉडेलसाठी मंजूर असायला हवं. बॅटरी आणि मोटर आणून घरी बसवलेली चालत नाही.

तेव्हा डबवालीला ॲडव्हान्स पाठवायचा थांबा. आधी नंबरचा ठसा, मग रजिस्टर, मग मूळ ब्लॉकची चौकशी आणि वारसांच्या सह्या. ठसा जुळला तर ही जीप सोडू नका, एमएम ५४० च्या सरळ कागदांच्या चेसिस आता क्वचित हाती लागतात. ठसा जुळला नाही, तर विकणाऱ्याकडून पैसे परत घ्या आणि ती चेसिस घराबाहेर काढा.